सील केलेल्या खव्याला हात लावू नकोस

पत्र :

मावशी, साताऱ्याजवळच्या एका बाजारगावात आमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, ते आता नाहीत. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात रात्रभर लाईट गेली. सकाळी आली ती डीप फ्रीजचा कॉम्प्रेसर जाळूनच. आत 60 किलो खवा होता. डबा उघडला तर आंबूस वास. मी म्हटलं, टाकून देऊ या. हे म्हणाले, भट्टीवर घेतला की वास मरतो, बाबापण असंच करायचे. 12 किलो खवा भाजला, पेढे वळले, त्यातले 9 किलो एका साखरपुड्याला गेले. दुपारी अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले, कुणीतरी तक्रार केली म्हणे. नमुने घेतले, उरलेला 48 किलो खवा जप्त करून सहा डब्यांना सील लावलं आणि डबे आमच्याच मागच्या खोलीत ठेवले. यांची सही घेतली. आज सहावा दिवस. खोलीत उभं राहवत नाही. सासूबाई म्हणतात, रात्री नेऊन वेण्णेत सोडा. दीर म्हणतात, ताजा खवा आणून तेवढाच भरून ठेवू, कुणाला कळतंय. ओळखीतला एक जण 25 हजार मागतोय, वरपर्यंत मिटवतो म्हणतो. हे धड जेवत नाहीत, दुकान उघडत नाहीत. आणि मला वेगळंच सलतंय. वास मला आला होता. मी एकदाच बोलले आणि गप्प बसले. आता काय करू?

– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

तू मावशी म्हणालीस, म्हणून मीही तुला अहो-जाहो करत नाही. तुझ्या परवानगीनं पत्र छापतेय, ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत.

पत्र वाचून झाल्यावर खव्याच्या डब्यांआधी मला ते साखरपुड्याचं घर दिसलं. म्हणून त्याच संध्याकाळी तुला दोन ओळी पाठवल्या: आधी त्यांना फोन कर, पेढे उरले असतील तर कुणाला खाऊ देऊ नका म्हणावं, आणि कुणाला काही त्रास झाला का ते विचार. तू केलास. दोन डबे शिल्लक होते, ते त्यांनी टाकून दिले. एका लहान मुलाला त्या रात्री दोन-तीनदा उलट्या झाल्या, सकाळी तो बरा होता, असंही त्यांनी सांगितलं. फोन करताना हात थरथरत होते असं तू लिहिलंस. पोरी, या सगळ्या प्रकरणात तुमच्या घराकडून झालेलं पहिलं धड काम ते होतं. आपण विकलेला माल असुरक्षित असल्याचं लक्षात आलं की तो बाजारातून परत घेणं ही कायद्यानंही दुकानदाराचीच जबाबदारी आहे. त्यासाठी अधिकाऱ्यानं सांगायची वाट बघायची नसते.

त्या मुलाच्या उलट्या पेढ्यांनीच झाल्या असं मी म्हणणार नाही. नव्हत्या असंही म्हणणार नाही. मी बावीस वर्षं एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे 'भट्टीवर घेतला की वास मरतो' हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. ते खरंही आहे. वास मरतो. पण विष तिथंच राहतं.

खवा हाताळणाऱ्याच्या बोटाला साधी चीर असली, किंवा नाक पुसलेला हात तसाच खव्याला लागला, तरी स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू त्यात जातात. गार खव्यात ते गपगार पडून असतात. खवा रात्रभर कोमट राहिला की वाढतात आणि वाढताना विष सोडतात. भट्टीच्या आचेनं जंतू मरतात, पण हे विष अर्धा तास उकळूनही पुरतं जात नाही. म्हणजे भाजलेला पेढा छान तांबूस दिसतो, खमंग लागतो, आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत माणसाला उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस त्यातून दुसऱ्या दिवशी उठतो. तान्हं मूल, म्हातारं माणूस, दिवस गेलेली बाई यांचं तसं नसतं.

प्रयोगशाळेत खवा आला की मी आधी अंगठ्यानं दाबून बघायची. चांगला खवा दाबला की रवाळ फुटतो, बोटाला तुपाचा ओशटपणा लागतो, वास साईचा येतो. बिघडलेला खवा अंगठ्याला धरून ठेवतो. अंगठा उचलला की बारीक तार सुटते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती तुटताना नाकाशी आंबट येतं. मग आम्ही आम्लता मोजायचो. खव्याचं पाणी करून त्यात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत किती लागली ते मोजायचं. नियमात खव्याची आम्लता 0.9 टक्क्याच्या आत हवी. नाकाला आंबूस कळतं तेव्हा आकडा बहुतेक त्याच्या आसपास किंवा पुढे गेलेला असतो. तुझ्या नाकानं त्या सकाळी जे सांगितलं, तेच कुठलीही प्रयोगशाळा सांगेल.

आता त्या सहा डब्यांचं.

वेण्णेत नाही, उकिरड्यावर नाही, खड्ड्यात नाही. सीलला नखसुद्धा लावायचं नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार जप्त केलेला माल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हलवणं, काढून टाकणं, त्यात फेरफार करणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम 60. सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 2 लाखांपर्यंत दंड. म्हणजे आज तुमच्यावर जे आहे, त्याहून मोठं प्रकरण तुम्ही एका रात्रीत स्वतःच्या हातानं उभं कराल. सासूबाईंना हे नीट समजावून सांग. त्यांच्या काळात खराब झालेलं अन्न घराबाहेर काढणं हाच शहाणपणा होता, आणि त्या भीतीपोटी बोलतायत. शिवाय वेण्णा पुढं माहुलीला कृष्णेला मिळते, आणि खालच्या गावांतली माणसं आणि जनावरं तेच पाणी पितात.

दिरांचा मार्ग तर त्याहून वाईट. ताजा खवा भरणं म्हणजे पुरावा बदलणं. शिवाय त्याचा उपयोग शून्य आहे, कारण नमुना आधीच गेलाय. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भागातल्या अन्न सुरक्षेच्या प्रमुखाकडे राखून ठेवतात, आणि दुकानदारानं मागणी केली असेल तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल त्या नमुन्यावर येणार. डब्यात ताजा खवा निघाला, तर नमुना आंबट आणि माल गोड कसा, याचं उत्तर तुझ्या नवऱ्याला द्यावं लागेल. त्यांनी सही केलेला कागद बहुधा बंधपत्र, म्हणजे माल जपण्याची लेखी हमी असेल. माल दुकानदाराच्याच ताब्यात ठेवताना अधिकारी मालाच्या किमतीइतकं बंधपत्र जामीनदारासह लिहून घेऊ शकतो. तो कागद काढून शब्द न् शब्द वाचा. घरात कुणीच वाचला नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

मग त्या दुर्गंधीचं काय? वाट आहे आणि ती कायद्यातच आहे. कलम 38 मध्ये म्हटलंय की जप्त केलेला माल नाशवंत असेल आणि खाण्यालायक राहिलेला नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुकानदाराला लेखी नोटीस देऊन तो नष्ट करता येतो. मात्र ते करणार अधिकारी. तुमच्या हातात आहे ते लेखी कळवणं. उद्याच अर्ज द्या. भाषा साधी असू दे: अमुक तारखेच्या पंचनाम्यानं जप्त करून आमच्या ताब्यात ठेवलेला 48 किलो खवा, सहा डबे, सील जसंच्या तसं आहे, आमचा डीप फ्रीज त्याच दिवसापासून बंद असल्यानं माल पूर्ण बिघडला आहे, बुरशी व दुर्गंधी आहे, आरोग्याला धोका आहे, तरी कायद्यानुसार पाहणी करून तो नष्ट करण्याची कार्यवाही व्हावी, आमची हरकत नाही. खाली नवऱ्याची सही, सोबत पंचनाम्याची प्रत. दोन प्रती काढा, साताऱ्याच्या कार्यालयात आवक शाखेत द्या आणि एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. फोनवर बोलणं झालं म्हणून कागद टाळू नका. 'हरकत नाही' लिहिण्याआधी वकिलाला एकदा विचारा. नमुने राखून ठेवलेले असल्यामुळे बचावाला त्या डब्यांची गरज पडणार नाही, असं मला वाटतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐका.

अधिकारी येतील तेव्हा पंचांसमोर वजन होईल, सील तपासलं जाईल, माल नष्ट केल्याचा कागद होईल. त्याची प्रत मागून घ्या. तोवर त्या खोलीचं दार बंद, उंदीर-मांजर आत जाणार नाही असं. डबे न हलवता फोटो काढून ठेवा, सील दिसेल असे. आणि तोवर भट्टी पेटवायची नाही. भिंतीपलीकडे सहा डबे कुजलेला खवा असताना अलीकडे पेढे वळायचे नाहीत, सीझन गेला तरी चालेल.

25 हजारवाल्याला दाराशीच थांबवा. ज्या अधिकाऱ्याच्या नावावर तो पैसे मागतोय, त्या अधिकाऱ्याला हे ठाऊक तरी आहे का, हे तुम्हाला माहीत नाही. पैसे दिलेत तर लाच देणारे तुम्ही. उद्या कुणी अधिकाऱ्यानं स्वतः मागितलेच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर त्यासाठीच आहे. आणि जप्ती उगाच, त्रास द्यायला केली असं वाटत असेल तर तशा अधिकाऱ्याला 1 लाखापर्यंत दंडाची तरतूद याच कायद्यात आहे. पण तुमच्या बाबतीत तसं नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तक्रार कुणी केली याचा शोध घेऊ नका. दीर तो घेतायत असं पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, ते मी वर छापलं नाही. त्यांना थांबव.

आता पुढं काय, जेल होईल का, हे तुझ्या मनात आहे पण तू लिहिलं नाहीस. अन्न विश्लेषकानं नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवालाची प्रत हातात आली की तारीख लिहून ठेव, कारण तो मान्य नसेल तर अपिलाला 30 दिवस मिळतात, पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. अहवालातला शब्द फार महत्त्वाचा. माल 'कमी दर्जाचा' ठरला तर प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातं आणि दंड होतो, वरची मर्यादा 5 लाख. 'असुरक्षित' ठरला तर खटला कोर्टात, आणि तिथं कैदेची तरतूद आहे. वरची मर्यादा म्हणजे तेवढाच दंड होतो असं नाही. दंड ठरवताना फायदा किती झाला, कुणाचं किती नुकसान झालं, चूक पहिलीच की पुन्हा पुन्हा, अजाणता झाली का, हे बघायला कायदा सांगतो. स्वतः बनवून विकणाऱ्या लहान दुकानदाराला, कैदेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, रक्कम भरून तडजोडीची वाटही त्यात ठेवलेली आहे.

यासाठी अन्न कायद्याची प्रकरणं चालवलेला वकील बघा, गावातला जमिनीचे दावे चालवणारा नको. त्याला सगळं सांगा, त्या मुलाच्या उलट्यांसह. वकिलापासून लपवलेली गोष्ट नेमकी चुकीच्या दिवशी बाहेर येते. खवा कुणाकडून घेतला त्याची पावती शोधा. जावळीकडच्या भट्ट्यांवरून येतो असं तू लिहिलंस, पण बिलाचा उल्लेख नाही. माल कुणाकडून आला हे सांगता आलं नाही तर कायद्यात विकणाराच जबाबदार धरला जातो. अर्थात इथं बिघाड तुमच्या फ्रीजमध्ये झालाय. खव्यावाल्याच्या गळ्यात तो मारू नका.

'बाबापण असंच करायचे' यावर मला थांबावंसं वाटतं, कारण तुझा नवरा जेवत नाही त्याचं मूळ मला तिथं दिसतं. सासरे असं करत होते का? मी साताऱ्यातली जुनी दुकानं बघितली आहेत, मोती चौकातली आणि पेठांमधली. त्या काळी दुकानात डीप फ्रीज नव्हता. खवा सकाळी यायचा, ओला कपडा टाकून ठेवायचा, दुपारच्या आत कढईत जायचा. कंदी पेढ्याचा तो तांबूस रंगच मुळी खवा पुन्हा भाजण्याचा आहे. म्हणजे सासरे ताजा खवा टिकावा म्हणून भाजत होते. तुझा नवरा बिघडलेला खवा खपावा म्हणून भाजत होता. कढई तीच, सराटा तोच, म्हणून त्याला दोन्ही एकच वाटलं. हे त्याला शांतपणे, कुणी नसताना सांग. बापाचं नाव बुडवलं या ओझ्याखाली तो बसलाय. त्याला कळू दे की बापाची रीत चुकीची नव्हती, ती त्यानं अर्धीच उचलली.

आणि 60 किलो! 8-10 किलो रोजचा खप असलेल्या दुकानात 60 किलो खवा का होता? स्वस्त मिळाला म्हणून, लग्नसराई म्हणून, फ्रीज आहे म्हणून. म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा करायला चार-साडेचार लिटर दूध आटवावं लागतं, म्हणजे त्या 60 किलोंमध्ये अडीचशे लिटर दूध होतं. कुणीतरी पहाटे उठून काढलेलं, कुणीतरी धुरात उभं राहून आटवलेलं. टाकवत नाही हे मला समजतं. माझ्याही पोटात कालवतं. म्हणून तर इतका साठा करायचा नाही. दोन दिवसांचा घ्या. फ्रीजमध्ये साधा थर्मामीटर टांगा. लाईट जाऊन चार तासांवर झाले आणि काटा 5 अंशांच्या वर गेलेला असला, तर वास बघायची वाट न बघता तो खवा बाजूला काढा. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'कधीपर्यंत खावे' ही तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं आहे. तुमच्याकडे तो बोर्ड असेलच, पण त्यावरची तारीख रोज सकाळी कोण बदलतं? ते काम तू घे.

तुझ्या गप्प बसण्याबद्दल. तू एकदा बोललीस. घरातल्या सुनेनं पिढीजात धंद्यात एकदा बोलणं म्हणजे किती, हे मला कुणी सांगायला नको. तरीही तुला बरं वाटावं म्हणून 'तुझी काही चूक नाही' असं मी लिहिणार नाही, कारण तुला ते खोटं वाटेल. वास तुला आला होता, आणि ते पेढे तुझ्यासमोर डब्यात भरले गेले. ते सलणं राहू दे थोडं, त्यानंच तुला फोन उचलायला लावला. पण यापुढं माल टाकायचा की ठेवायचा हे ज्याच्या नाकाला कळतं त्यानं ठरवायचं, आणि ते तुझं नाक आहे. असं नवऱ्याशी स्पष्ट बोलून घे, सासूबाईंसमोर. टाकलेला माल वहीत लिही: तारीख, किलो, कारण. अशी वही पुढं कधी अधिकारी आले तर तुमच्या बाजूनं बोलते.

उद्या सकाळी आधी अर्ज. पोच घेतलीस की मला फोटो पाठव.

मग येताना दोघं त्या साखरपुड्याच्या घरी जा. वकिलाशी बोलल्याशिवाय तिथं काही लिहून देऊ नका, पण जा. उंबऱ्यावर फार बोलायची गरज नाही. तुझ्या नवऱ्यानं त्या मुलाची विचारपूस करावी आणि 9 किलोचे पूर्ण पैसे परत द्यावेत. ते घेणार नाहीत, तरी पाकीट ठेवून या. आणि जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून काही न्यायचंच असेल, तर फळं न्या.